डिक्लेअररला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: ब्रिज या पत्त्यांच्या खेळावरच्या मराठी मजकुरात डिक्लेअररसाठी, म्हणजे बोली जिंकलेल्या जोडीतला जो डाव खेळतो त्याच्यासाठी, 'घोषक' वापरला तर चालेल का? की 'बोली लावणारा' बरा?

उत्तर: मला दोन्ही पटत नाहीत. 'घोषक' म्हटलं की माइकसमोरचा माणूस डोळ्यांपुढे येतो. 'बोली लावणारा' तर सरळ चूक, कारण बोली चौघंही लावू शकतात. ब्रिजमध्ये चौघांना दिशांची नावं असतात आणि समोरासमोरचे दोघं जोडीदार. समजा दक्षिणेने 'एक बदाम' म्हटलं, पश्चिम पास, उत्तरेने थेट 'चार बदाम' म्हटलं आणि पुढे तिघंही पास. शेवटची बोली उत्तरेची, तरी डिक्लेअरर दक्षिणच. बोली जिंकलेल्या जोडीत बदामाचं नाव आधी ज्याने घेतलं, त्याने डाव खेळायचा. पश्चिमेची उतारी झाली की उत्तर आपली 13 पानं टेबलावर उघडी मांडतो, आणि दक्षिण दोन्हीकडची मिळून 26 पानं एकटा खेळून 10 हात (सहा अधिक बोलीतले चार) करायच्या मागे लागतो.

जर्मनमध्ये त्याला 'आलाइनश्पीलर' म्हणतात, म्हणजे एकट्याने खेळणारा. भूमिका अचूक पकडली आहे! आपल्याकडे नाम हवंच असेल तर 'डिक्लेअरर' राहू द्यावं. पण बहुतेक वाक्यांत क्रियापदावर भागतं: "हा डाव कोण खेळतंय?" "दक्षिण." पत्ते खेळणाऱ्याला वेगळं समजावावं लागत नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो, 'डिक्लेअरर दोन्ही हात खेळतो' असं लिहू नका. आपल्या पत्त्यांत 'हात' म्हणजे चार पानांचा जिंकलेला हात. नवखा वाचक दोनच हात करायचे आहेत असं समजेल. 'दोघांची पानं खेळतो' लिहा.

प्रश्न: मग डमीला, म्हणजे पानं उघडी मांडणाऱ्या जोडीदाराला, 'मुका' म्हणावं का?

उत्तर: इंग्रजी शब्दाच्या मुळाशी 'मुका' आहेच, आणि फ्रेंचमध्ये तर त्याला 'मेलेला' म्हणतात. पण तो तितका गप्प नसतो. किलवरची उतारी असताना डिक्लेअररने इस्पिक टाकलं, तर डमी विचारू शकतो, "किलवर नाही?" उतारी डमीकडून व्हायची असताना डिक्लेअरर स्वतःचं पान काढू लागला, तर ती चूक होण्याआधी त्याला थांबवूही शकतो. कुठलं पान खेळावं हे मात्र त्याने सुचवायचं नाही. 'मुका' लिहिलं की ही सगळी मुभा झाकली जाते. 'डमी'च ठेवा, "डमीतला राजा" हे खेळणाऱ्यांच्या तोंडी कधीच रुळलं आहे.