मदत हवी आहे: ब्रॅनला राजा व्हायचंय हे नेमकं कुठल्या भागात कळतं? (गेम ऑफ थ्रोन्स, स्पॉयलर आहेत)

मंडळी, मालिका संपून इतकी वर्षं झाल्यावर हा धागा काढतोय, सांभाळून घ्या. शेवट माहीत नसलेलं कुणी अजून शिल्लक असेल तर इथूनच मागे फिरा.

झालं असं की बायकोच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. पाय दोन उशांवर, वर बर्फाची पिशवी, हातात रिमोट. "काहीतरी लांबलचक लाव," म्हणाली. २०१९ साली मी सोमवारी सकाळी ऑफिसला दांडी मारून शेवटचा सीझन बघितलेला माणूस. लावली! ८ सीझन, ७३ भाग, महिन्याच्या आत संपवले तिने. आता ती मला एक प्रश्न विचारतेय आणि माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून इथे आलोय.

तिला ब्रॅन, म्हणजे उत्तरेतल्या स्टार्क घराण्याचा लहानगा पोरगा, पहिल्यापासून आवडला. साहजिकच आहे. पहिल्याच भागात राणीचा भाऊ जेमी त्याला मनोऱ्यावरून ढकलतो आणि भिंतीवर माकडासारखा चढणारा पोरगा पायांनी कायमचा अधू होतो. चौथ्या भागात जेमीचा धाकटा भाऊ टिरियन त्याच्यासाठी खास खोगिराचा आराखडा घेऊन येतो. ते बघताना ब्रॅन विचारतो, मी खरंच घोड्यावर बसू शकेन? हा प्रसंग हिने दोनदा मागे नेऊन पाहिला. तेव्हा वॉकर नुकताच घरी आला होता, त्यामुळे मी काही बोललो नाही.

तर तो मुलगा काहीतरी मागत होता, हा तिचा मुद्दा. त्याला चढायचं होतं, शूर सरदार व्हायचं होतं, घोडा हवा होता. मग तीन डोळ्यांच्या डोमकावळ्याच्या, म्हणजे सगळं दिसणाऱ्या एका द्रष्ट्याच्या, शोधात तो उत्तरेतल्या बर्फाच्या भिंतीपलीकडे जातो. इथवर ठीक. पाचव्या सीझनचे दहाच्या दहा भाग तो गायब! "अरे, तो मुलगा कुठाय?" हे मी रोज रात्री ऐकलंय.

सहाव्या सीझनमध्ये परत आल्यावर पाचव्या भागात त्याला पाठीवर वाहणाऱ्या होडोरचा प्रसंग येतो: भूतकाळात डोकावताना ब्रॅन लहानग्या होडोरच्या मनात शिरतो, त्याचं डोकं कायमचं बिघडतं, आणि इकडे मोठा होडोर दार अडवून ब्रॅनसाठी मरतो. त्याला तोड नाही, ही रडली, मी दुसऱ्यांदा रडलो. पण त्यानंतर बघा. सोबतच्या मीराने त्याला बर्फातून ओढत आणलं, तिचा भाऊ जोजेन त्याच्यापायी मेला, आणि तिला निरोप देताना हा दगडासारखा बसून. बहीण सान्साला तो तिच्या लग्नाच्या भयंकर रात्रीबद्दल सांगतो, वर तू फार सुंदर दिसत होतीस म्हणतो. हिने उशी फेकून मारली. टीव्हीला नाही, मला.

आता माझ्या अडचणी, जशा सुचतील तशा.

सातव्या सीझनच्या तिसऱ्या भागात सान्सा त्याला सांगते की विंटरफेलचा, म्हणजे घराण्याच्या गढीचा, वारस आता तूच. तो म्हणतो, मी कशाचाच लॉर्ड होऊ शकत नाही. आठव्यात टिरियन तोच विषय काढतो, तर सांगतो की मला आताशा काही हवंसं वाटतच नाही. आणि शेवटच्या भागात राज्य देऊ केल्यावर उत्तर काय, तर मी एवढ्या लांब कशाला आलो असं वाटतं तुम्हाला! मधल्या एका भागात काय घडलं? माझ्या नजरेतून काही सुटलंय का?

दुसरं, मेलेल्यांची फौज घेऊन येणाऱ्या नाइट किंगच्या लढाईत 'मी आता जातो' म्हणून तो डोळे पांढरे करतो आणि कावळ्यांच्या थव्यात शिरतो. थवा नाइट किंगला बघतो. पुढे? त्याने काय केलं, कुणाला काय कळवलं? तो ऐंशी मिनिटांचा भाग मी तीनदा पाहिलाय. निम्मा अंधार आहे हे मान्य, पण या बाबतीत उजेडातही काही नाही.

आणि हिचा खरा प्रश्न हा की ड्रॅगनवाली राणी डेनेरिस शहर जाळणार हे ब्रॅनला आधी दिसलं होतं का? दिसलं असेल आणि गप्प बसला असेल तर तो खलनायक झाला. दिसलं नसेल तर त्याला राजा कशासाठी केलं? "खुर्चीत बसवलं की माणसाला काही हवं असणं बंद होतं का रे?" असं तिने विचारलं, तेव्हा विषय मालिकेच्या बाहेर गेल्याचं माझ्या लक्षात आलं.

कुणी नीट उलगडून सांगेल का? 'लेखकांनी गुंडाळलं' एवढंच असेल तर तेही चालेल, पण कुठे गुंडाळलं ते सांगा.

प्रतिसाद १
कारस्थानी लिटलफिंगरला ब्रॅन त्याचंच 'गोंधळ म्हणजे शिडी' हे वाक्य ऐकवतो ना? तिथेच पेरलंय सगळं. पुन्हा बघा.

धागाकर्ता
बघितलं. शिडी आहे, चढणारा दिसत नाही.

प्रतिसाद २
पाचव्या सीझनचं कोडं सोपं आहे. चौथ्याच्या शेवटी ब्रॅन गुहेतल्या झाडापाशी पोचला, म्हणजे मालिकेने त्याच्या बाबतीत पुस्तकं जवळजवळ संपवली. पाचवं पुस्तक २०११ चं, त्यात तो गुहेत झाडांतून भूतकाळ बघायला शिकतो आणि तिथेच थांबतो. पुढचं मालिकावाल्यांना स्वतः रचावं लागलं. ब्रॅनचं काम करणाऱ्या आयझॅक हेम्पस्टेड राइटने मुलाखतीत सांगितलंय की तो राजा होणं हे मूळ लेखक जॉर्ज मार्टिन यांच्याकडूनच आलंय. थोडक्यात, मुक्कामाचं गाव ठाऊक, रस्ता ठाऊक नाही. त्यात शेवटचे दोन सीझन सात आणि सहा भागांचे. तुम्ही विचारताय तो प्रसंग सापडणार नाही, कारण तो नाहीच.

प्रतिसाद ३
वहिनींचा प्रश्न जास्त चांगला आहे. माझी आजी सांगायची, सहदेवाला सगळं पुढचं दिसायचं, पण कुणी विचारल्याशिवाय बोलायची बंदी. आपणहून बोलला तर डोक्याची शकलं. ही मूळ महाभारतातली नसेल, लोकांतली गोष्ट, पण बघा, या एका अटीमुळे त्याच्या गप्प बसण्याला केवढा अर्थ येतो. द्यूताच्या वेळी तो तिथेच बसलाय, त्याला दिसतंय, आणि धर्मराज काही विचारत नाही! ब्रॅनला अशी अटच घातलेली नाही. त्याला काय दिसतं, किती, कधी, आणि सांगितलं तर काय मोजावं लागतं, यातलं काहीच ठरलेलं नाही. तसा नियम होता, होडोरच्या वेळी. भूतकाळात हात घातलास तर कुणाचं तरी आयुष्य जळतं. तो धागा पुढे ओढला असता तर राजा होण्याआधी त्याला हात लावायची भीती तरी वाटली असती. लेखकांनी तो तिथेच सोडला.

धागाकर्ता
प्रतिसाद ३, मनापासून आभार. हे हिला मोठ्याने वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे होडोर फुकट गेला." मी नाही म्हणालो, पण पटवून देता आलं नाही. आता तिने तो भाग पुन्हा लावलाय, तेवढाच. बेल वाजतेय, फिजिओवाल्या ताई आल्या असतील. दार उघडून येतो.