बाबांचं रेडिओ लायसन्स, आणि तुमचे अनुभव

माळ्यावरची:
गेल्या रविवारी सदाशिव पेठेतलं घर रिकामं करत होतो, वाडा पुनर्विकासाला चाललाय. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत बाबांचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक सापडलं. आजच्या मुलांना खोटं वाटेल, पण आपल्या पैशांनी घेतलेला रेडिओ आपल्याच घरात ऐकायला परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे, पुस्तकावर शिक्का मारून आणायचा. बाबांनी एकही वर्ष चुकवलेलं नाही. पानं उलटत गेले आणि १९७५च्या शिक्क्यापाशी हात थांबला.

२५ जूनला आणीबाणी लागली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना मिसा कायद्याखाली उचललं, येरवड्यात ठेवलं. खटला नाही, काही नाही. पेपरांवर सेन्सॉर, त्यामुळे खरी बातमी हवी तर बीबीसी. तोवर रेडिओ बाहेरच्या खोलीत खिडकीशी असायचा, नाट्यसंगीत लागलं की अर्धा वाडा ऐकायचा. त्या पावसाळ्यात बाबांनी तो उचलून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यांमागे नेला. रात्री आवाज इतका बारीक, की जाळीच्या कापडाला कान टेकवावा लागे. मी सात वर्षांची. मला सांगून ठेवलेलं, कुणी विचारलं तर बाबा फक्त गाणी ऐकतात म्हणायचं. आमच्याकडे खोटं बोललं की रात्रीचं जेवण बंद असायचं. त्या माणसाने मला खोटं बोलायला शिकवलं ते एवढ्या एका गोष्टीसाठी. पैसे भरलेला, शिक्का मारलेला रेडिओ, आणि ऐकायचा चोरून.

रेडिओचं लायसन्स पुढे रद्द झालं. पण एक परवानगी गेली की दुसरी येऊन बसते, आणि आपण सरकून तिला जागा देतो, असं मला फार वाटतं. तुमच्या घरात सरकार असं कधी आलं? लहानसं असलं तरी लिहा.

जुना कोथरूडकर:
सायकलचा बिल्ला! महापालिकेचा कर भरला की मिळायचा, हँडलखाली अडकवायचा. आणि रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचे. डेक्कनवरून कोथरूडपर्यंत सायकल ढकलत आणलीय, तेव्हा कोथरूड म्हणजे गावाबाहेर.

मावळी:
आमचं गाव कामशेतजवळ. आत्या दादरला. तांदूळ मुंबईला न्यायला बंदी होती तेव्हाची गोष्ट. सरकारला सक्तीची लेव्ही घालून उरलेला, आमच्याच खाचरातला आंबेमोहर. आई तो जुन्या लुगड्याच्या पट्टीत शिवून पोटाला बांधायची, वरून नऊवारी. एकदा लोणावळ्याला तपासणीवाले डब्यात चढले. आईने मला ओढून मांडीवर घेतलं. मी नऊ वर्षांचा, पाय खाली लोंबतायत. पट्टी कुठेतरी उसवली होती आणि दाणे बाकावर पडत होते, एकेक. मी हात ठेवून झाकले. ते पुढे गेले. दादरपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

स्वतःच्या शेतातला भात नणंदेला नेणारी बाई गुन्हेगार कशी होते, ते मला आजही कळत नाही.

अनया:
काका, काटा आला अंगावर.
जाता जाता विचारते, खरा आंबेमोहर आता मिळतो का? दुकानात नाव असतं, वास नसतो.

मावळी:
अनया, थोडे लोक लावतात अजून. बहुतेक शेतं इंद्रायणी जातीच्या भाताखाली गेली. दिवाळीनंतर विचारा.

चाकणची सून:
कांदा कुणी आठवला नाही? सासरे १९८०च्या आंदोलनात रस्त्यावर बसले होते, शरद जोशींबरोबर. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आमच्या घरात अजून म्हणतात. भाव चढला की निर्यात बंद, पडला की कुणी नाही. दुकानदाराला कुणी सांगतं का, तुझा माल बाहेरच्या देशात विकू नकोस म्हणून? पोरं शाळेतून आली, नंतर लिहिते.

सोन्या मारुतीजवळ:
आजोबा कारागीर. १९६३च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायचे नाहीत. चौदा कॅरटचं मंगळसूत्र मागायला कोण येणार? शेगडी थंड. आजी सांगायची, ते रोज अवजारं पुसायचे, फुंकणी, चिमटे, तार ओढायची पट्टी, आणि परत ओळीने मांडायचे. पुढे ते किराणा दुकानात पुड्या बांधायला लागले. १९६८ला त्याचा मोठा कायदाच झाला, तो १९९०ला गेला. आजोबा १९८२ला गेले.

पूरग्रस्ताची नात:
सगळ्यांचं वाचतेय, पण मला वेगळं लिहायचंय. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, आजीचा नारायण पेठेतला संसार दोन तासांत वाहून गेला. त्यानंतर धान्य, कपडे, राहायला जागा हे सगळं सरकारने आणि गावातल्या लोकांनी दिलं. लष्कराचे जवान आदल्या रात्रीपर्यंत धरणावर वाळूची पोती रचत होते. आजीला मोठ्या सरकारची भीती कधीच वाटली नाही. तिला भीती वाटायची ती वेळेला कुणी नसण्याची.

माळ्यावरची:
@पूरग्रस्ताची नात, बरं झालं लिहिलंत. आमच्या पोस्टातल्या रांगेपेक्षा ती रांग वेगळी होती, हे मला मान्य आहे.

हडपसरहून:
जुलै २०२०. वडील सांगलीला वारले. जिल्हा ओलांडायला ई-पास. रात्री दीडला अर्ज भरला, डॉक्टरांचा दाखला जोडला. नामंजूर. पुन्हा भरला. कागदपत्रं अपूर्ण. कुठला कागद ते लिहिलेलं नाही. तिसऱ्यांदा पास आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि अग्नी नऊलाच दिला होता. मी व्हिडिओ कॉलवर. भावाचा हात हलत होता त्यामुळे आभाळच जास्त दिसलं.
साथ खरी होती, नियम हवेच होते. पण तिकडे बसलेल्या माणसाने एक फोन केला असता तरी चाललं असतं.

अनया:
काय बोलू. सांभाळा.

जुना कोथरूडकर:
🙏

इतिहासवेडा:
हडपसरहून, तुमचं दुःख मोठं आहे, त्यात इतिहास घुसवतो म्हणून माफ करा. २०२०ला जो साथरोग कायदा लावला तो १८९७चाच. जेमतेम चार कलमांचा. त्याच वर्षी पुण्यात प्लेगसाठी रँडची माणसं घराघरात शिरली, देवघरापर्यंत. २२ जूनला गणेशखिंडीत चापेकरांनी गोळी घातली. राज्य बदललं, कायदा तोच कपाटातून काढला.

वकीलकाकू:
वाड्यातल्या त्या काकांबद्दल. २८ एप्रिल १९७६ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असं ठरवलं, की आणीबाणीत अशी अटक झालेल्याला कोर्टात दादच मागता येणार नाही. एकटे न्या. हंसराज खन्ना विरोधात गेले. त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. तो निकाल रीतसर मोडीत निघाला २४ ऑगस्ट २०१७ला, नऊ न्यायमूर्तींच्या खासगीपणाच्या निकालात. एकेचाळीस वर्षं लागली. कॉलेजात शिकवताना इथे आलं की माझा आवाज अजून बदलतो.

पर्वती पायथा:
ते खासगीपण आमच्या मावशींना समजावून सांगा ना कुणीतरी. चार घरची भांडी घासतात. रेशनच्या मशीनवर अंगठाच उमटत नाही, रेषा झिजल्यात. पदराला पुसतात, परत लावतात, मग दुसरं बोट. मागच्या महिन्यात मी सोबत गेले होते. दहाही बोटं झाली. "उद्या या." तीस वर्षं त्याच दुकानात जाणारी बाई, दुकानदार नावाने ओळखतो, आणि मशीन म्हणतं ही ती नाहीच.

नाटकवाला:
महाराष्ट्रात नाटकाची संहिता अजूनही प्रयोगाआधी मंडळाकडून तपासून घ्यावी लागते, माहितीय का? आमच्या एकांकिकेतून एक शब्द काढायला लावला. तिथे आमची नटी आता दोन सेकंद गप्प उभी राहते. प्रेक्षक तिथेच टाळी देतात.

अनया:
आणि हेल्मेट?

जुना कोथरूडकर:
अनया, हेल्मेटला वेगळा धागा काढा, हा तीनशे प्रतिसादांवर जाईल. माझं सांगतो, भाऊ हेल्मेटमुळे वाचला. ही सक्ती मला मान्य आहे.

दहा रुपयांचं तिकीट:
उलटं हत्यारही आहे आपल्याकडे. माहिती अधिकार १२ ऑक्टोबर २००५ला लागू झाला आणि देशातला पहिला अर्ज पुण्यातच, एका पोलीस ठाण्यात पडला. आमच्या गल्लीतला रस्ता कागदावर दोनदा झाला होता. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून मोजमाप-पुस्तिकेची प्रत मागितली. पंधरा दिवसांत डांबराची गाडी आली. प्रत मात्र अजून दिलेली नाही, अपिलात आहे.

मावळी:
ताई, तो रेडिओ आहे का अजून?

माळ्यावरची:
आहे हो. लाकडी पेटीचा, समोर हिरवा डोळा. प्लग लावला तर डोळा उजळला, आवाज नाही. एक व्हॉल्व्ह गेला असावा. टाकवत नाही.

सोन्या मारुतीजवळ:
टाकू नका. आमच्या बोळात एक काका अजून व्हॉल्व्हवाले दुरुस्त करतात, सकाळी अकरानंतर उघडतात. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.