सीकेएडिटर ४ काढायचा आहे, त्याच्या जागी काय? (मराठी बातम्यांची साइट, नागपूर)

बर्डी_डेस्क
नागपुरातून चालणाऱ्या मराठी बातम्यांच्या साइटचा प्रश्न आहे. सीएमएस (लेख साठवून साइटवर दाखवणारी प्रणाली) घरचाच, पीएचपी आणि मायएसक्यूएल डेटाबेसवर. त्यातला एडिटर, म्हणजे लेख लिहायची चौकट, सीकेएडिटर ४.२२. उघडला की वरती ‘ही आवृत्ती सुरक्षित नाही’ अशी पट्टी येते. सेटिंगमध्ये व्हर्जनचेक बंद केलं की पट्टी जाते, धोका जात नाही. ३० जून २०२३ ला याचा मोफत सपोर्ट संपला. पुढच्या दुरुस्त्या फक्त पैसे भरणाऱ्यांच्या एलटीएस (दीर्घ सपोर्टच्या) आवृत्तीत येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ४.२४ एलटीएसमध्ये एक्सएसएसच्या (पानात परका कोड घुसवू देणाऱ्या) त्रुटी बुजवल्या, त्या ४.२२ मध्ये अजून उघड्याच आहेत.

गरजा अशा: कळमन्याच्या (नागपूरची बाजार समिती) बाजारभावाचे तक्ते. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याचे वार्ताहर मोबाइलवरून लिहितात, डेस्कवरचे लोक वर्डमधून पेस्ट करतात. शिवाय काही हजार जुने लेख, तेही उघडून दुरुस्त करता आले पाहिजेत. माझा कल टायनीएमसीई या दुसऱ्या एडिटरकडे आहे. विरोध असेल तर कारणासकट सांगा.

संत्राबर्फी
टायनीएमसीईच घ्या. जुने लेख हा तुमचा सगळ्यात मोठा बोजा आहे आणि टायनीएमसीई एचटीएमएलला (लेखाच्या टॅगांच्या कोडला) फारसा हात लावत नाही. जे आत गेलं ते बव्हंशी तसंच बाहेर येतं. बाकीचे नवे एडिटर एचटीएमएल आधी स्वतःच्या साच्यात ओततात आणि साच्यात न बसलेलं गाळून टाकतात. २०१५ च्या लेखातला तक्ता एखाद्याने फक्त शीर्षकातली वेलांटी सुधारायला उघडला आणि सेव्ह केला, की रकान्यांच्या रुंद्या, क्लास (दिसण्याचे नियम लावणारी नावं) सगळं गायब. कुठे एरर नाही, काही नाही.

लावताना तीन गोष्टी. फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. क्लाउडवरून घेतलात तर एडिटर किती वेळा उघडला यावर बिल येतं. एडिटर आयफ्रेममध्ये (पानातल्या वेगळ्या पानात) चालतो, त्यामुळे साइटचा फाँट आत आपोआप लागत नाही. कंटेंट सीएसएसमध्ये (आतल्या मजकुराच्या रूपाच्या फाइलमध्ये) देवनागरी फाँट आणि ओळीची उंची किमान १.६ द्या, नाहीतर वरच्या मात्रा आणि रफार कापल्यासारखे दिसतात. आणि ऑटोसेव्ह प्लगिन दर ३० सेकंदांनी मसुदा ब्राउझरमध्ये ठेवतो खरा, पण मुळात तो २० मिनिटंच टिकतो. दुपारी वीज गेली आणि तासाभराने आली तर मसुदा गेला. रिटेन्शन (टिकायची मुदत) १४४० मिनिटं, म्हणजे एक दिवस, करा.

धंतोलीकर
> बाकीचे नवे एडिटर... साच्यात न बसलेलं गाळून टाकतात

हा दोष नव्हे, यासाठीच तर ते घ्यायचे. तुमच्या जुन्या लेखांत वर्डचा गाळ साचलाय: एमएसओच्या (वर्डच्या स्वतःच्या) स्टाइल्स, रिकामे स्पॅन टॅग, पाच ठिकाणी पाच फाँट. टायनीएमसीई तो गाळ इमानेइतबारे जपून ठेवेल. आणि वर्डचं पेस्ट हीच गरज असेल तर हे लक्षात घ्या: सहाव्या आवृत्तीपासून मोफत टायनीएमसीईतून वर्डची साफसफाई काढून टाकली, ती आता पॉवरपेस्ट या विकतच्या प्लगिनमध्ये आहे. सीकेएडिटर ५ मध्ये ऑफिसमधून पेस्ट करण्याची सोय मोफत भागातच आहे.

जुना मजकूर जपायचाच असेल तर सीकेएडिटर ५ मध्ये ‘जनरल एचटीएमएल सपोर्ट’ चालू करून हवे तेवढेच टॅग आणि क्लास राखता येतात. सगळं मोकळं सोडू नका, यादी द्या.

संत्राबर्फी
धंतोलीकर, पुढचंही सांगा ना. सीकेएडिटर ५ तक्ता फिगर टॅगमध्ये गुंडाळतो, फोटोही तसाच. पीएचपीवाले सर्व्हरवरच्या साफसफाईला एचटीएमएल प्युरिफायर ही लायब्ररी वापरतात आणि त्याला फिगर, फिगकॅप्शन मुळात ओळखताच येत नाहीत. म्हणजे फोटो राहतो, पण फिगरवरचा उजवी-डावीकडे ठेवण्याचा क्लास जातो आणि फोटोओळ सुट्या मजकुरासारखी खाली पडते. यूट्यूबचा दुवा टाकला तर एडिटरमध्ये व्हिडिओ झकास दिसतो आणि वाचकाला कोरी जागा, कारण डेटात फक्त ओएम्बेड टॅग (नुसता व्हिडिओचा पत्ता) जातो. ‘प्रीव्ह्यूज इन डेटा’ चालू करावं लागतं, मग प्युरिफायरमध्ये आयफ्रेमला परवानगी.

धंतोलीकर
बरोबर आहे, आणि दोन्ही एकदाच करायची कामं आहेत. प्युरिफायरच्या डेफिनिशनमध्ये दोन एलिमेंट जोडायचे आणि आयफ्रेमसाठी फक्त यूट्यूबचा पत्ता मान्य करायचा. रोज वर्डचा गाळ उपसण्यापेक्षा बरं. प्युरिफायर तर टायनीएमसीई घेतला तरी लागणारच. एडिटर ब्राउझरमध्ये चालतो. वाईट हेतूचा माणूस एडिटर न उघडताच थेट सर्व्हरला मजकूर पाठवू शकतो.

मिहान_इंजिन
दोघेही एचटीएमएललाच चिकटून बसलाय. उद्या ॲप काढायचं ठरलं, बातमी ऑडिओत द्यायची ठरली, की पुन्हा एचटीएमएल खरवडत बसा. टिपटॅप हा एडिटर घ्या. खाली प्रोजमिरर (एडिटर बनवायची लायब्ररी) आहे, लायसन्स एमआयटी (बंधनं जवळपास नसलेलं), मजकूर जेसनमध्ये (टॅगांऐवजी नुसत्या डेटाच्या रूपात) ठेवता येतो. कोणते घटक चालतील ते तुम्ही ठरवायचं: परिच्छेद, दोन पातळ्यांची उपशीर्षकं, यादी, अवतरण, फोटो, तक्ता. बाकी काही आत येऊच शकत नाही.

जुने लेख गळण्याची भीती रास्त आहे, तिच्यावर उपाय आहे. ‘एनेबल कंटेंट चेक’ चालू केलं की साच्यात न बसणारा मजकूर आल्यावर एडिटर कंटेंट एररची सूचना देतो. ती पकडून तो लेख जुन्या पद्धतीने फक्त वाचायला उघडा, सेव्ह बंद.

लायसन्सचंही बोला. टायनीएमसीई पाचवी आवृत्ती एलजीपीएल (जीपीएलचं सैल रूप), सहावी एमआयटी, २०२४ मध्ये सातवी जीपीएल (त्यावर बांधलेलं दुसऱ्याला दिलं तर कोड खुला करायला लावणारं). सीकेएडिटर ५ जीपीएल किंवा विकत. घरच्या सीएमएसमध्ये, आपल्याच डेस्कसाठी वापरलं तर अडचण दिसत नाही. पण हाच सीएमएस उद्या दुसऱ्या पेपरला बंद कोडसकट विकायचा असेल तर आधी वकिलाला दाखवा. आणि एमआयटी आहे म्हणून टायनीएमसीईच्या सहाव्या आवृत्तीवर थांबायचं म्हणाल, तर आज सीकेएडिटर ४ चं जे झालंय तेच पुन्हा होईल.

संत्राबर्फी
टिपटॅपच्या नुसत्या गाभ्यात टूलबार तरी मिळतो का? बोल्डचं बटण तुम्हीच बनवा, तक्त्यात ओळ वाढवायचा मेनू तुम्हीच बनवा, लिंकची चौकट तुम्हीच बनवा. एका माणसाच्या आयटी विभागाला हे सांगणं म्हणजे जेवायला बोलावून चूल मांडायला लावणं.

सावजी_रस्सा
काऊन भांडून राहिले राजेहो. डेस्कला खरंच काय लागते ते पाहा. परिच्छेद, उपशीर्षक, ठळक, लिंक, फोटो. झालं. रंगाचं बटण, फाँटचं बटण, इटॅलिक दिलं की लोक वापरतातच. देवनागरीच्या बहुतेक फाँटांना खरं इटॅलिक नसतेच, ब्राउझर अक्षरं नुसती वाकवून दाखवते. अधोरेखित केलं की उकार कापले जातात. काढून टाका ती बटणं.

आता मुद्द्याचं. बाजारभावाचा तक्ता एडिटरमध्ये भरायचाच काहाले? तारीख, बाजार समिती, शेतमाल, आवक क्विंटलमध्ये, किमान, कमाल, सर्वसाधारण दर. सात रकाने, ठरलेले. त्याचा वेगळा फॉर्म आणि डेटाबेसात वेगळं टेबल करा. बातमीत फक्त ‘इथे कळमना, तूर, आजचा भाव’ असा एक संकेत टाकायचा, पान दाखवताना तक्ता आपोआप भरला जाईल. मोबाइलवर दोन बोटांनी तक्त्याच्या चौकटीत आकडे भरणं कोणत्याच एडिटरमध्ये धड होत नाही. वरून महिन्याभराच्या भावांचा आलेखही फुकटात निघते.

एवढं केलं तर मग क्विल नावाचा एडिटरसुद्धा पुरते. हलका आहे, बीएसडी लायसन्स (एमआयटीसारखंच मोकळं) आहे, दुसरी आवृत्ती एप्रिल २०२४ मध्ये आली.

धंतोलीकर
तक्त्याचा वेगळा फॉर्म ही या धाग्यातली सगळ्यात कामाची सूचना आहे, मान्य. पण क्विल नको. त्याची बुलेटची यादी आतून ओएल (आकड्यांच्या यादीच्या) टॅगमध्येच असते, फक्त डेटा-लिस्ट ॲट्रिब्यूटने बुलेट दाखवतात. एडिटरचं आतलं एचटीएमएल तसंच उचलून छापलं आणि प्युरिफायरने ते ॲट्रिब्यूट काढलं की साइटवर सगळ्या बुलेटचे १, २, ३ होतात. ‘गेट सिमँटिक एचटीएमएल’ने नीट यूएल (बुलेटची यादी) मिळतं, पण ते माहीत असावं लागतं. फोटोही मुळात बेस६४ करून (अक्षरांत बदलून) लेखातच घुसवतो.

आणि निकालाचे, आरक्षण सोडतीचे तक्ते? त्यांचे रकाने दर वेळी वेगळे. ते एडिटरमध्येच लागणार.

सावजी_रस्सा
बेस६४ चं दुखणं टायनीएमसीईतही आहे भाऊ. फोटो अपलोडचा पत्ता दिला नाही तर पेस्ट केलेला फोटो तसाच लेखात राहते. ३ एमबीचा फोटो ४ एमबीचा होते. एनजिनएक्स सर्व्हरची मूळ मर्यादा १ एमबीची, तिथंच ४१३ (पाठवलेलं फार मोठं) एरर. डेस्क म्हणते ‘सेव्ह होऊन नाही राहिलं’ आणि आयटीवाला इंटरनेटला शिव्या देते.

फुटाळा_काठ
एडिटर कोणताही घ्या, आधी सेव्ह करताना चालणारा तुमचा स्वतःचा फिल्टर उघडून बघा. सीकेएडिटर ४ कधीकधी मजकुरात यू+२००बी (युनिकोड क्रमांक) हे न दिसणारं चिन्ह सोडून देतो. ते काढायला बहुतेकांनी इंटरनेटवरून एक ओळ उचललेली असते: २००बी ते २००डी आणि एफईएफएफ, ही न दिसणारी चिन्हं सगळी उडवा. इंग्रजी साइटला चालतं. मराठीत २००डी म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह.

काही कीबोर्ड ‘ऱ्या’ लिहिताना र, हलन्त, जॉइनर, य असं टाकतात. काही ऱ (यू+०९३१), हलन्त, य असं. दिसायला दोन्ही सारखेच. तो फिल्टर चालला की पहिल्या प्रकारातला जॉइनर उडतो आणि ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ होतं, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’. डेस्कला वाटतं वार्ताहराला शुद्धलेखन येत नाही. दुसऱ्या प्रकारचा कीबोर्ड असलेल्याचं मात्र सगळं शाबूत राहतं, म्हणून दोष शोधताना डोकं फिरतं.

उपाय: आधी र + हलन्त + जॉइनर याचं ऱ + हलन्त करा, मग २००बी आणि एफईएफएफ एवढेच काढा. २००सी आणि २००डी ला हात नको. एनएफसी नॉर्मलायझेशनवर (युनिकोडची रूपं एकसारखी करण्याच्या पद्धतीवर) विसंबू नका, ते या दोन रूपांना एक करत नाही. आणि एक केल्याशिवाय स्लग (लेखाच्या पत्त्यातलं नाव) व विषयाचे टॅग दोन-दोन तयार होतात, दिसायला जुळे.

दुसरं, कॉलम. मायएसक्यूएलचा टेक्स्ट प्रकार ६५,५३५ बाइटचा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, म्हणजे टॅग न धरता २१,८४५ चिन्हं, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात: ‘नागपूर’ दिसायला चार अक्षरं, चिन्हं सहा. लांब लेख मोठ्या टॅगांसकट यात मावत नाही आणि स्ट्रिक्ट मोड (न मावणारं नाकारणारं सेटिंग) बंद असेल तर शेपूट गुपचूप कापलं जातं. मिडियमटेक्स्ट करा, कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४. टिपटॅपचं जेसन ठेवायचं असेल तर हे आणखीच लागेल, कारण एचटीएमएलपेक्षा ते फुगतं.

मिहान_इंजिन
@फुटाळा_काठ, बेहद्द उपयोगी. याला जोड: होमपेजचा सारांश १५० चिन्हांवर सरळ कापू नका, हलन्तावर किंवा व्यंजन आणि मात्रेच्या मध्ये तुटतो. ब्राउझरमध्ये इंटल सेगमेंटर (पूर्ण अक्षरांवर तुकडे पाडणारी सोय) वापरा. फायरफॉक्समध्ये तो १२५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून आहे.

बर्डी_डेस्क
कृतिदेव या जुन्या फाँटचं कोणी बोललं नाही. सरकारी प्रेसनोटच्या अर्ध्या फाइली त्यातच येतात. सीकेएडिटर ५ चं ऑफिस पेस्ट ते सांभाळतं का?

फुटाळा_काठ
नाही, आणि कोणताच सांभाळत नाही. कृतिदेवमध्ये मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांचाच असतो, मराठी फक्त फाँट दाखवतो. पेस्ट साफ झाली की फाँट जातो आणि इंग्रजी अक्षरांचा चिवडा उरतो. पेस्टच्या टप्प्यावरच पकडा: येणाऱ्या एचटीएमएलमध्ये फाँटच्या नावात कृतिदेव दिसला तर साफसफाईच्या *आधी* तेवढ्याच तुकड्याचं युनिकोड करा. आधी साफ केलंत तर मधले खरे इंग्रजी शब्द कोणते हे कळायचा मार्गच उरत नाही. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा बदलतात, ते तपासा.

सावजी_रस्सा
आणि व्हॉट्सॲपचं? वार्ताहराची बातमी तिथूनच येते. दोन-तीन मेसेज एकदम कॉपी केले की वेबवर प्रत्येकाआधी चौकोनी कंसात वेळ, तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव चिकटते. नंबर सेव्ह नसला तर त्याचा मोबाइल नंबरच बातमीत छापून जाते. पेस्टमध्ये ही ओळ उडवणारा नियम टाका, ठळकसाठी लावलेल्या तारका काढा.

बर्डी_डेस्क
बाजारभावाचा फॉर्म आधी होईल, एडिटर नंतर. टायनीएमसीईचा हट्ट सोडतो. वर्डच्या पेस्टमुळे सीकेएडिटर ५ कडे झुकतोय. जुन्या लेखांतून प्रत्येक वर्षाचे पाच घेऊन, न बदलता उघडून परत काढायचे आणि आधीच्या-नंतरच्या एचटीएमएलची डिफ (फरकांची यादी) बघायची असं ठरवलंय.

संत्राबर्फी
सरसकट पाच घेऊ नका. तक्ता असलेले, एम्बेड (बाहेरून आणलेला व्हिडिओ वगैरे) असलेले आणि ‘ऱ्या’ असलेले मुद्दाम निवडा, साधे लेख कुठेही पास होतात. आणि डिफमध्ये टॅगच्या आधी नुसता मजकूर ताडून बघा. शब्द गळला तर ती चूक पहिली. जीपीएलखाली वापरताय तर कॉन्फिगमध्ये लायसन्स की म्हणून ‘जीपीएल’ लिहायला लागतं, ते राहिलं तर एडिटर चालायचा नाही. माझं मत अजून टायनीएमसीईच.