एक्सपीवर अडकलेला एचपीएलसीचा पीसी: काय करावं?

पीक_रुंदी:
एचपीएलसीचा (द्रव नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं उपकरण) कंट्रोल पीसी विंडोज एक्सपी एसपी३ वर आहे. सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चढत नाही, उपकरणाला जोडणारं कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटचं. उपकरण मात्र ठणठणीत. आयटीवाले नेटवर्कमधून काढा म्हणतात, पण डेटा रोज सर्व्हरवर जायलाच हवा. व्हर्च्युअल मशीन (नव्या पीसीत सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी पीसी) चालेल का?

जुनी_डिस्क:
ते नंतर बघू. आधी डिस्क वाचवा. क्लोनझिला या डिस्क-कॉपीच्या सॉफ्टवेअरच्या ३२ बिट आवृत्तीने पूर्ण डिस्कची इमेज (जशीच्या तशी प्रत) घ्या, नुसत्या सी ड्राइव्हची नको. जुना बायोस (पीसी सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) पेन ड्राइव्हवरून बूट होत नसेल तर सीडी वापरा. वाचताना एरर आले तर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा काढणारा प्रोग्राम), कुठवर वाचलं याची नोंद ठेवणाऱ्या मॅप फाइलसकट, म्हणजे मध्येच थांबलं तरी पुढून सुरू करता येतं. मग ती इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवून उपकरणावर एक रन (नमुन्याची चाचणी) घ्या. काही लायसन्स डिस्कच्या सिरियल नंबरला बांधलेली असतात, ते इथेच कळतं.

बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की सेटिंग मूळपदावर जातं. साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) आयडीईचा एएचसीआय झाला की एक्सपी निळ्या पडद्यावर 0x0000007B दाखवून बसतं, आणि लोक उगाच डिस्कला दोष देतात. तारीखही मागे जाते. मग क्रोमॅटोग्रामवरच्या (उपकरणाने काढलेल्या आलेखावरच्या) वेळेला काही अर्थ उरत नाही.

दोन_लॅनकार्ड:
आयटीवाल्यांचं चूक नाही. एक्सपीला फाइल शेअरिंगसाठी फक्त एसएमबी१ हा जुना प्रोटोकॉल येतो, आणि मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्यातल्याच भोकातून पसरला. म्हणून मुख्य सर्व्हरवर एसएमबी१ उघडू नका. मध्ये दोन लॅनकार्डांचा छोटा लिनक्स पीसी ठेवा. सांबाचा (लिनक्सवर विंडोजसारखं फाइल शेअरिंग करणारं सॉफ्टवेअर) किमान प्रोटोकॉल एनटी१, म्हणजे एसएमबी१, करा, पण सांबा फक्त एक्सपीच्या बाजूच्या कार्डाला बांधा. आयपी फॉरवर्डिंग (एका कार्डावरून दुसऱ्याकडे ट्रॅफिक पुढे पाठवणं) बंद. एक्सपीवर गेटवे आणि डीएनएस रिकामे.

लॉगिन नाकारलं तर सांबा ढिला करू नका, एक्सपीच्या रजिस्ट्रीत एलएमकंपॅटिबिलिटीलेव्हल (लॉगिनची कोणती पद्धत वापरायची ते ठरवणारं सेटिंग) ३ करा. पुढे सर्व्हरवर पाठवायला आरसिंक (फाइली कॉपी करणारा प्रोग्राम), तोही दहा मिनिटांत न बदललेल्या फाइलींपुरता. नाहीतर रन चालू असतानाची अर्धवट फाइल जाते.

पीक_रुंदी:
हे जमेल. डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची किल्ली) जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर आहे, हे सांगायचं राहिलं.

जुनी_डिस्क:
मग व्हर्च्युअल मशीन सोडाच. यूएसबी-पॅरलल केबल बहुतेक फक्त प्रिंटरपुरत्या असतात, डोंगल दिसत नाही. पीसीआय कार्ड व्हर्च्युअल मशीनच्या आत द्यायलाही मदरबोर्डला आयओएमएमयू (ही सोय देणारा हार्डवेअरचा भाग) लागतं, आणि जुनी कार्डं इंटरप्टवरून (प्रोसेसरचं लक्ष वेधणाऱ्या सिग्नलवरून) भांडतात. त्यापेक्षा त्याच मॉडेलचा जुना मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय मिळवून कपाटात ठेवा. घेताना कपॅसिटर फुगलेले नाहीत ना, तेवढं बघा.