प्रति: कमी पैशात घडीचा चाकू

तासगावकडच्या द्राक्षबागेत रोज खिशात ठेवायला स्वस्तातला घडीचा चाकू कुठला घ्यावा असं तुम्ही विचारलंय, आणि वर उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी पोलादाकडे बघायला सांगितलंय. मी आधी लॉक, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी अडण, बघायला सांगेन. पोलाद मध्यम असलं तर धार लवकर जाईल एवढंच. लॉक निसटलं तर पातं बोटांवर मिटतं.

पातं पूर्ण उघडा, पाठीकडून धरून हलवा. डावी-उजवीकडचा किंचित खेळ स्क्रू आवळून जातो. पण धार आणि पाठ या दिशेनं हललं तर लॉकच नीट बसत नाही, तो चाकू घेऊ नका. लायनर लॉक (मुठीच्या आतली धातूची पट्टी सरकून पातं अडवते तो प्रकार) असेल तर ती पट्टी पात्याच्या बुडामागे साधारण पाव ते एक तृतीयांश जाडीपर्यंत सरकायला हवी.

पात्यावर नुसतं ‘४४०’ (स्टेनलेस पोलादाचा एक गट) असेल तर त्यावरून फार कळत नाही. ४४०ए मध्ये कार्बन ०.७ टक्क्याच्या आसपास, ४४०सी मध्ये १ टक्क्याच्या आसपास. कार्बन जास्त असल्यानं ४४०सी ची धार बरीच जास्त टिकते.

ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ८ नंबरचा घडीचा चाकू चांगलाच (पातं ८.५ सेंमी), पण मूठ लाकडी. पावसाळ्यात लाकूड फुगून पातं अडकतं. कार्बन पोलादाचा तर द्राक्षाच्या आंबट रसानं काळा पडतो, म्हणून स्टेनलेसच घ्या.

पाचर कलमाला (काडीचं टोक पाचरीसारखं तासून खुंटाच्या चिरेत बसवतात ते कलम) मात्र असा घडीचा चाकू वापरू नका. धारेला पात्याच्या दोन्ही अंगांनी उतार असल्यानं काप सपाट येत नाही, खुंट आणि काडी यांच्यात फट राहते. त्यासाठी एकाच अंगानं उतार असलेला कलमाचा चाकू वेगळा ठेवा.