मदत हवी आहे: १२ वर्षांच्या मुलीचा दुसरा एमआरआय कुठल्या मशीनवर करावा?

मुलीला उजव्या डोळ्याने अंधुक दिसू लागलं होतं. मेंदूच्या एमआरआयमध्ये व्हेंट्रिकलभोवती (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) आणि कॉर्पस कॅलोझममध्ये (मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणारा पट्टा) मिळून ५ डाग. त्यातला एकच कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते गॅडोलिनियम) दिल्यावर उजळला. एमओजी अँटिबॉडी (अशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका आजाराची खूण) निगेटिव्ह, पाठीच्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड्स (मेंदू-मज्जारज्जूत दाह असल्याची खूण) सापडले. ५ दिवस शिरेतून स्टेरॉइड दिलं, नजर परतली. निदान एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणाचा आजार), ते आम्हाला पटलंय, औषधांबद्दल विचारत नाही.

आता ३ महिन्यांनी पुन्हा एमआरआय सांगितलाय. पहिला १.५ टेस्लावर (मशीनच्या चुंबकाची ताकद) झाला, जवळच्या सेंटरमध्ये ३ टेस्ला आहे. सीडी आणि रिपोर्ट दोन्ही जपून ठेवलेत. ती भूल न देता शांत पडून राहते. काळजी एवढीच, की मशीन बदलल्यामुळे एखादा जुनाच बारीक डाग नवा म्हणून मोजला जाईल. ज्यांच्या मुलांचे असे फॉलो-अप झालेत, त्यांनी मशीन तेच ठेवलं का? आणि गॅडोलिनियम पुन्हा द्यावं लागलं का?