‘नुसती चेष्टा’ की छळ? कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं?

काठपदर:
नऊ-दहा वर्षांची मुलं ‘मला चिडवतात’ एवढंच सांगतात. खोदून विचारलं की ‘जाऊ दे, काही नाही’. यातलं साधं भांडण कुठलं आणि छळ कुठला? ‘तूही एक ठेवून दे’ आणि ‘लक्ष देऊ नकोस’ हे दोन सल्ले घरोघरी दिले जातात, त्यांचा उपयोग होतो का? शाळेत जायचं तर काय घेऊन जायचं?

पाटीपेन्सिल:
नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेअस यांनी 1970 च्या दशकापासून मुलांमधल्या छळावर, म्हणजे बुलिंगवर, संशोधन केलं. त्यांनी केलेल्या छळाच्या व्याख्येत तीन खुणा आहेत: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं आणि दोघांची ताकद असमान. तिसरी खूण पालकांच्या नजरेतून हमखास सुटते, कारण ताकद म्हणजे अंगापिंडाची असं आपण धरून चालतो. पाठीशी चौघांचा घोळका असणं, वर्गात वट असणं, एखादा फोटो हाताशी असणं हीसुद्धा ताकदच. म्हणून पारडं फिरतं का ते बघा. आज याने त्याला चिडवलं, उद्या त्याने याला, तर ती मस्करी किंवा भांडण. दर वेळी एकच मूल खाली आणि ‘थांब’ म्हटल्यावरही थांबत नसेल, तर छळ.

मुलं मात्र मारणं, शिव्या, नावं ठेवणं एवढंच मोजतात. खेळात न घेणं, आपण आलो की सगळे गप्प होणं हे त्यांच्या हिशेबात बरेचदा नसतंच. त्यामुळे ‘तुला कोणी बुली करतं का?’ याचं ‘नाही’ हे उत्तर प्रामाणिक असूनही निरुपयोगी ठरतं. त्यापेक्षा विचारा: मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसलास? गट पाडताना शेवटी कोण उरतं? शाळेत कुठे जायला नको वाटतं? जिना, बस, स्वच्छतागृह, म्हणजे मोठ्यांची नजर नसते त्या जागा बहुधा पुढे येतात. रोज घरी येताच मूल आधी बाथरूमकडे धावत असेल, तर ते शाळेतलं स्वच्छतागृह टाळत असू शकतं; तिकडेही लक्ष असू द्या.

दुसराबाक:
‘तू काय केलं होतंस?’ हा पहिला प्रश्न आला की मूल मिटलंच. आईबाबा शाळेत जाऊन तमाशा करतील आणि मोबाइल काढून घेतील, या दोन भीत्या मोठ्या असतात. ‘तुला सांगितल्याशिवाय काही करणार नाही’ असा शब्द द्या. ‘कोणालाच सांगणार नाही’ असा देऊ नका. जिवाला धोका दिसला तर तो मोडावाच लागेल.

‘एक ठेवून दे’ फसतं, कारण ताकद असमान असते, आणि शिक्षकांना बहुतेक वेळा दुसरा फटकाच दिसतो. ‘लक्ष देऊ नकोस’चा अर्थ मूल ‘मला येऊन सांगू नकोस’ असा लावतं. त्याऐवजी एक छोटं वाक्य, ‘थांब, मला हे चालणार नाही’, सपाट आवाजात म्हणायचं आणि आधीच ठरवलेल्या मोठ्या माणसाकडे चालू लागायचं. घरी पाच-सहा वेळा सराव करा. हे तोंडी त्रासापुरतंच. घोळका मारहाण करत असेल तर सरळ तिथून निघायचं.

हजेरीपट:
शाळेत जाताना वही न्या: तारीख, वेळ, जागा, बोललेले शब्द जसेच्या तसे, कोणी पाहिलं. ‘नेहमी’, ‘सगळे’ असे शब्द नकोत. ऑनलाइन त्रास असेल तर ब्लॉक करण्याआधी खात्याचं नाव आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. मुलांचे नग्न फोटो असतील तर पुरावा म्हणूनही पुढे पाठवू नका, थेट पोलिसांत तक्रार करा.

आधी वर्गशिक्षकांना भेटा. त्रास होतो त्या जागी कोणाची नजर असेल, बसायची जागा कधी बदलेल, हे विचारा आणि दोन आठवड्यांनंतरची भेट तिथेच ठरवून घ्या. दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावणं मान्य करू नका. तो उपाय बरोबरीच्या भांडणाचा. इथे खोलीत माफी मिळते आणि बाहेर तिची वसुली होते.

काठपदर:
आणि तक्रार आपल्याच मुलाबद्दल आली तर?

दुसराबाक:
मारू नका; ताकदवान जिंकतो हेच त्याला पुन्हा कळेल. ‘का केलंस?’ ऐवजी ‘काय काय झालं, क्रमाने सांग’ म्हणा. तोडलेलं, हिसकावलेलं त्यालाच भरून द्यायला लावा. पुढचे काही आठवडे शिक्षकांकडून दर आठवड्याला खबर घ्या.